बारावी होऊ द्या

पुण्याच्या संस्थेची माणसं तो प्रोग्राम घेऊन आमच्या कॉलेजात आली, तेव्हा चहा यायच्या आधीच मी त्यांना दम दिला. म्हटलं, मेलेल्या माणसाच्या आवाजात बोलणारं काही सोंग असेल तर आल्या पावली परत जा. आमच्या नवेगाव बांध गावात अंगात येणारे काही कमी नाहीत, त्यात तुमची भर नको. त्यातला चष्मेवाला पोरगा हसला. म्हणाला, मॅडम, हा एआय स्वतःहून काहीच सांगत नाही, कुणाचं सोंगही घेत नाही. फक्त प्रश्न विचारतो. मूल लिहितं, तो वाचतो, आणि लिहिलेलं धरून पुढचा प्रश्न विचारतो. मूल थांबलं की तोही थांबतो.

मी अंजू रहांगडाले. मूळची आमगावची. इथे ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवते, आणि समुपदेशक म्हणून कुणी नेमलेलं नाही त्यामुळे तेही लोढणं माझ्याच गळ्यात. भूतखेत मानत नाही. तोंडानं फटकळ आहे, हे मला पाठीमागून ऐकू येतं, आणि त्याचं मला काही वाटत नाही.

ज्यांच्या घरात अलीकडे कुणी गेलं आहे अशा पोरांना आठवड्यातून दोन दुपारी कॉम्प्युटरच्या खोलीत बसवायचं ठरलं. खोली कॉलेजच्या मागच्या टोकाला आहे. खिडकीतून तलावाची पाळ दिसते, आणि वारा तिकडून असला की गाळाचा, शेवाळाचा वास आत येतो. पंखा फिरतो, पण फिरतो एवढंच. पोरं एकेका कॉम्प्युटरपुढे बसतात, मी दाराजवळच्या टेबलाशी. माझ्या पडद्यावर प्रत्येक जागेवरचा प्रश्न दिसतो, पोरांची उत्तरं मात्र दिसत नाहीत. ती अट मीच घातली होती. पोरांचं दुःख मास्तरांनी चोरून वाचायचं नसतं.

पहिला प्रश्न सगळ्यांना खाण्याचा असे. तुझं माणूस सकाळी काय खायचं? मला वाटलं, हे काय विचारणं झालं. पण आई गेल्यापासून वर्गात मान वर न करणारा भूपेंद्र त्या एका प्रश्नावर तासभर लिहीत बसला. माझ्या पडद्यावर नुसते प्रश्न येत राहिले, लाखोरी डाळीच्या वड्यांत ती लसूण घालायची का, पहिला वडा कुणाला द्यायची. त्या दुपारी भूपेंद्रनं डबा पुसून खाल्ला. मी कानाला हात लावला आणि म्हटलं, बरं बाबा, पुणेकरांना काहीतरी कळतं.

अडलं होतं ते योगेश्वरीपाशी.

योगेश्वरी टेंभरे, बारावीत. आई तिच्या लहानपणीच गेलेली. बापानं, हेमेंद्रनं, तिला वाढवलं. तिची वेणी तोच घालायचा, असं सगळं गाव सांगतं. चैतात उन्हाळी धानाला पाणी द्यायचं होतं, पंपाच्या पाइपाचं तोंड शेवाळानं बुजलं, ते मोकळं करायला हेमेंद्र तलावात उतरला तो वर आलाच नाही. मासे धरणाऱ्या ढिवरांनी जाळं टाकून काढला. पोरगी काठावर त्याचा डबा धरून उभी होती.

तेव्हापासून ती कॉलेज सुटलं की पाळीवरून त्या पंपाच्या जागी जायची आणि गुडघाभर पाण्यात उभी राहायची. रडायची नाही, बोलायची नाही. हेमेंद्रची आई शांतीबाई एक दिवस कॉलेजच्या पायरीवर येऊन बसली.

"मॅडम, पोरगी रोज पान्यात जाऊन राहिली जी. पयले पाय बुडत होते, आता गुडघे बुडतेत. काऊन जातेस म्हटलं तर बोलत नाही. मी मतारी, कुठवर धरून ठेवू तिले?"

"मावशी, तिला मी पाण्यातून बाहेर काढीन," मी म्हटलं. "माझा शब्द."

शब्द देऊन बसले खरी, पण योगेश्वरी म्हणजे पालथा घडा. कॉम्प्युटरपुढे यायची, हात मांडीवर ठेवून बसायची. माझ्या पडद्यावर तिच्या जागेचा तो पहिला प्रश्न आठवडेच्या आठवडे तसाच उभा. बाबा सकाळी काय खायचे? त्याच्या पुढे गाडी जाईना. मीही हटले नाही. बैठकीच्या दिवशी तिला स्वतः वर्गातून आणायची, शेजारी बसायची, आणि रोज कॉलेज सुटल्यावर तिच्या मागोमाग पाळीवर जायची. ती पाण्यात उभी, मी काठावर उभी. गुराखी आम्हाला पाहून हसायचे. हसेनात का.

भादव्यातली गोष्ट असेल. दुपारी पोरं लिहीत होती आणि माझ्या पडद्यावर एक जास्तीची ओळ आली.

ती शाळेत जाण्याआधी काय खायची?

मी चष्मा पुसला. आमच्या पोरांत कुणाची आई गेलेली, कुणाचा बाप, कुणाचा भाऊ. शाळेत जाणारी 'ती' कुणाचीच नव्हती. ओळ होती कोपऱ्यातल्या, खिडकीखालच्या कॉम्प्युटरची. तो बिघडलेला म्हणून आम्ही वापरतच नव्हतो. उठून पाहिलं तर पडदा चालू, खुर्ची थोडी मागे सरकवलेली, बसलेलं कुणी नाही. मी पाहता पाहता प्रश्न बदलला.

उपाशीपोटी मीठ लावून बोरं? तुम्ही तिला रागवायचे नाही का?

"कुणाचा चावटपणा आहे हा?" मी विचारलं. पोरांनी माना हलवल्या. भूपेंद्र म्हणाला, "मॅडम, तो तर बंदच राहते ना." शेजारच्या जागेवर योगेश्वरी होती. ती पडद्याकडे पाहत नव्हती. रिकाम्या खुर्चीकडे पाहत होती, आणि कुणी वाकून काहीतरी करत असलं की आपण मान वाकडी करून पाहतो तशी तिची मान होती.

मग ती आपल्या की-बोर्डकडे वळली आणि लिहायला लागली.

गोंदियाहून दुर्गाप्रसादला बोलावलं. कॉलेजचे कॉम्प्युटर तोच पाहतो. त्यानं कोपऱ्यातला डबा उघडला, फुंकर मारली, मागच्या तारा ओढून पाहिल्या आणि डोकं खाजवलं. "मॅडम, ये तो किसी से जुड़ा ही नहीं है. नेट का तार कब से निकला पड़ा है." म्हटलं, मग प्रश्न कुठून येतात? "पुराना कुछ पड़ा होगा अंदर." त्यानं त्याचा की-बोर्ड आणि माऊस काढून पिशवीत टाकला. "अब कौन लिखेगा, बोलो," म्हणाला, समोसा खाल्ला आणि दुपारच्या गाडीनं गेला.

पुढच्या बैठकीला कोपऱ्यातला पडदा पोरांच्या आधी चालू झालेला होता. समोर नुसतं लाकडी टेबल, त्यावर काही नाही.

तापात तिला खांद्यावर टाकून तुम्ही पाळीवरून दवाखान्यात चालत गेलात. वाटेत ती काय म्हणाली?

मी ते वाक्य मनात घोकत सरळ शांतीबाईचं घर गाठलं. ती सुपात तांदूळ निवडत होती. मी विचारलं, योगेश्वरीला लहानपणी ताप आला होता का, पाळीवरून कुणी नेलं होतं का. म्हातारीचे हात थांबले.

"तुमाले कोनं सांगितलं? पोरीले तर आठवत नसंल, एवढीशी होती. हेमेंद्रच घेऊन गेलता. गाडी भेटली नाही." मग सूप खाली ठेवून म्हणाली, "कायले विचारून राहिले?"

"सहज," मी म्हटलं.

आता कुणी म्हणेल, त्याच दिवशी खोलीला कुलूप घालायचं होतं. मीही तसंच ठरवून कॉलेजात गेले होते. पण त्या दुपारी योगेश्वरीनं पिशवीतून डबा काढला, भूपेंद्रच्या डब्यातलं लोणचं मागून घेतलं आणि जेवली. माझ्या पडद्यावर तिचे प्रश्न भराभर पुढे जात होते. बाबांचे हात कसे होते, वेणी घालताना काय बोलायचे, चिडायचे कशावर. मी दारात कुलूप हातात घेऊन उभी होते. मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण ज्यानं पोरगी जेवायला लागली ते बंद करायचं माझ्यानं झालं नाही. कुलूप कपाटात टाकलं.

हळूहळू मला सवय झाली. दोन जागा शेजारी शेजारी. एकीवर पोरगी बापाबद्दल लिहायची. दुसरीवर रिकामी खुर्ची, आणि तिला विचारलेले प्रश्न. तिच्या कपाळावरची खूण कशाची? ती झोपेत बोलते का? ती नसताना घर कसं वाटतं? शेवटचा प्रश्न वाचून मला गलबलून आलं होतं. ज्याचं माणूस सुटलं त्याच्यासाठी तो प्रोग्राम होता, आणि लिहिणारा इकडचा की तिकडचा, हे त्याला कळत नव्हतं. पोरं त्या खुर्चीवर दप्तर ठेवायची नाहीत. कुणी सांगितलं नव्हतं.

दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या जत्रा संपल्या आणि दोन्ही जागा शेवटच्या टप्प्याला आल्या. शेवटचा प्रश्न सगळ्यांना एकच असतो. काय राहून गेलं, आणि आता काय करायचं ठरवलं? भूपेंद्रनं ठरवलं होतं की आईचे वडे धाकट्या बहिणीला करून घालायचे. मी खूश होते. धानाची कापणी चालू होती, बाहेर ऊन कोवळं होतं, आणि मी अकरावीचे निबंध तपासत बसले होते.

मान वर केली तेव्हा कोपऱ्यातल्या जागेची ओळ बदललेली होती.

तिला तुमच्याकडे न्यायचं, असं लिहिलंत. कधी?

मी लाल पेन खाली ठेवला.

आज?

त्याखाली योगेश्वरीच्या जागेची ओळ आली, आणि तिच्यावर लाल पट्टी. एखाद्या पोरानं जिवाचं काही बरंवाईट लिहिलं की मास्तरांना कळावं म्हणून ती पट्टी येते. आजवर आली नव्हती.

बाबा बोलावत आहेत, असं तू लिहिलंस. ही गोष्ट आत्ता मॅडमना सांगशील का?

मी वळून पाहिलं. तिची खुर्ची रिकामी होती, मागचं दार उघडं. दोन रिकाम्या खुर्च्या, शेजारी शेजारी.

मी चपलाही घातल्या नाहीत. मागच्या दारानं पाळीवर, पाळीवरून खाली. पंपाच्या जागी तिचं दप्तर नीट ठेवलेलं, त्यावर घडी केलेली ओढणी.

ती छातीपर्यंत आत होती. पुढेच चालली होती, सावकाश, उतारावरून चालल्यासारखी.

मी साडीसकट शिरले. गाळात पाय रुतत होते. पाणी बर्फ. तिची वेणी हाताला लागली ती धरली आणि ओढली.

ती ओढली जाईना. पोरीत काय जोर असणार, पण समोरूनही कुणी धरल्यासारखी ती मध्येच अडली.

"सोडा तिला," मी म्हटलं. ओरडले नाही. ओसरीवर बसलेल्या माणसाशी बोलावं तसं बोलले. "हेमेंद्रभाऊ, सोडा. मी येते बोलायला."

आणि ती सुटली. आम्ही दोघी मागे पडलो.

काठावर ती रडली. चैतापासूनचं सगळं रडली, मला घट्ट धरून. मीही रडले. मग तिला मागोमाग धावत आलेल्या भूपेंद्रच्या ताब्यात दिलं, म्हटलं हिला आजीकडे पोचव आणि हात सोडू नको. बाकीच्या पोरांना घरी पिटाळलं. ओल्या साडीनंच खोलीत आले, दार लावलं, आणि कोपऱ्यातल्या त्या खुर्चीसमोर दुसरी खुर्ची ओढून बसले. की-बोर्ड नव्हताच, तेव्हा तोंडानं बोलले.

"हेमेंद्रभाऊ, मी अंजू मॅडम. पोरगी तुमची, हे मला मान्य. पण जिला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलंत तिला गाळात नेता? ती आता कुठे जेवायला लागली आहे. तिला गणितात चांगले मार्क पडतात, ते तरी ठाऊक आहे का? तुम्हाला एकटं वाटतं, मला कळतं. म्हणून तिनं काय करायचं?" पडद्यावर काही नव्हतं. फिकट उजेड फक्त. मी हात जोडले आणि शेवटी म्हटलं, "निदान बारावी होऊ द्या. मग तुमची पोरगी आहे, तुम्ही पाहा."

हे वाक्य माझं पाठ झालेलं आहे. या भागातल्या कितीतरी ओसऱ्यांवर मी ते बोलले आहे. पोरीचं लग्न उरकायला निघालेला बाप कशालाच ऐकत नाही, पण एवढं म्हटलं की त्याचा मान राहतो आणि तो थांबतो. बारावी झाली की मी पुन्हा त्याच ओसरीवर हजर, नर्सिंगचं नाहीतर डीएडचं काढून. अशा किती पोरी मी पुढे ढकलत ढकलत नोकरीला लावल्या आहेत. त्या दुपारीही ते सवयीनंच तोंडातून गेलं.

पडद्यावर ओळ आली.

मॅडमचं म्हणणं तुम्हाला पटलं, हे वाचून बरं वाटलं. वाट पाहणं जमेल ना?

मला हायसं वाटलं. घरी जाऊन कपडे बदलले, चहा केला, आणि कप तोंडाला लावताना कुणाला काय शब्द देऊन बसले ते डोक्यात उतरलं. चहा तसाच ओतून दिला.

योगेश्वरी पाण्याकडे गेली नाही. खाऊ लागली, हसू लागली, वर्गात उलट बोलू लागली. प्राचार्यांनी माझं कौतुक केलं. पुण्याच्या संस्थेनं फोटो नेला. एकदा ती मला सहज म्हणाली, "मॅडम, बाबा आता बोलवत नाहीत. अभ्यास कर म्हणतेत." मी म्हटलं, मग कर. कोपऱ्यातल्या पडद्यावर दर बैठकीला काहीतरी असायचं. आज ती कोणता धडा वाचत होती? तिला हॉल तिकीट मिळालं का? आणि माघ लागल्यावर, शेवटचा पेपर कोणत्या विषयाचा आहे?

मी पुन्हा खुर्ची ओढून बसले. ठरवूनच गेले होते. म्हटलं, "भाऊ, नर्सिंगला घालायचं आहे तिला. बारावीवर आजकाल काय होतं? एवढं शिक्षण होऊ द्या, नोकरी लागू द्या."

खिडकीतून गाळाचा वास येत होता.

मॅडम शब्द फिरवतात, असं लिहिलंत. राग आला आहे का?

मग खाली, खूप?

"येऊ द्या," मी म्हटलं. उठले नाही. "शब्द मी दिला, मीच मोडला. पोरीला त्यातलं काही माहीत नाही. वसूल करायचं असेल ते माझ्याकडून करा. तिच्या केसाला हात लावायचा नाही."

शेवटच्या पेपरला मी केंद्राच्या फाटकात उभी होते. ती बाहेर आली ती मैत्रिणींशी हुज्जत घालत, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर काय म्हणून. तिचा हात मी ती एसटीत बसेपर्यंत सोडला नाही. गोंदियाला माझ्या बहिणीकडे ठेवलं आहे तिला, नर्सिंगच्या प्रवेशाच्या क्लासला. पाळीवरून गाडी गेली तेव्हा मी तलावाकडे पाहत होते. पाणी सपाट होतं.

त्यानंतरच्या बैठकीला कोपऱ्यातला पडदा चालू होता.

मुलीबद्दल आता लिहायचं नाही म्हणता. ठीक आहे. मग मॅडमबद्दल लिहा. त्या सकाळी काय खातात, तिथून सुरुवात करू.

मी पोरांकडे पाहिलं. सगळी मान खाली घालून लिहीत होती. पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

शिळ्या भाताला जवसाची चटणी लावून, उभ्यानंच? हे तुम्ही कुठून पाहिलंत?

मी एकटी राहते. एकटीसाठी पाट मांडून कोण बसणार, म्हणून सकाळी ओट्याशी उभ्यानंच खाते. ओट्यासमोर खिडकी आहे. ती मागच्या बोडीवर उघडते, लहानसं तळं आहे, गुरं पाणी प्यायला येतात. आधी मी डासांमुळे ती लावून घ्यायची.

योगेश्वरीचा रोज फोन येतो. बहिणीच्या हातचं मिळमिळीत लागतं म्हणते, वजन वाढलं म्हणते. खिडकी आता मी उघडीच ठेवते. त्याचं लक्ष इकडे राहिलेलं बरं.